कॉलेजचे पऱ्हे आठवीतच टाकावे लागतात

नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या गावांत जाऊन कोणाही शेतकऱ्यास विचारा की, पऱ्हे न टाकता धानाची रोवणी करता येईल काय? तो आपणांस वेड्यात काढील. मृगाचा पाऊस पडला की पऱ्ह्याची जागा तयार करून बी टाकावे लागते. त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी रोप उपटून बांधीच्या चिखलात लावता येते. ज्याने वेळेवर पऱ्हे टाकले नाहीत, त्याच्यावर ऐन रोवणीत दुसऱ्याच्या धुऱ्यावर उभे राहून उरलेसुरले रोप मागण्याची पाळी येते. ही गोष्ट आमच्या बापजाद्यांस कोणत्याही शाळेने शिकविली नाही, पोटाने शिकविली. परंतु हाच जाणता शेतकरी आपल्या मुलाच्या कॉलेजाच्या बाबतीत मात्र पऱ्हे न टाकताच रोवणीस उतरतो, आणि मग पदरात पडेल ती जागा घेऊन मुलाच्या नशिबास बोल लावीत घरी येतो.

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो. आमच्या घरांत कॉलेजाचा विचार त्या दिवशी सुरू होतो. खरे पाहू गेल्यास त्या दिवशी तो बहुतेक संपलेला असतो. मुलगा इंजिनिअर होऊ शकेल की नाही, हे दहावीनंतर त्याने गणित घेतले की सोडले ह्यावर ठरून गेलेले असते. राखीव जागेचा हक्क त्यास बजावता येईल की नाही, हे त्याच्या आजोबा-पणजोबांची नोंद कोणत्या कागदावर सापडते ह्यावर ठरून गेलेले असते. नागपुरास खोली करून राहण्याइतका पैसा उभा राहील की नाही, हे कोणत्या योजनेचा अर्ज कोणत्या महिन्यात भरला ह्यावर ठरून गेलेले असते. ज्यांच्या घरी तीन-चार पिढ्या लेखणी आहे, त्यांस हे कोणी सांगावे लागत नाही. त्यांच्या पोरास आठवीत असतानाच मामा सांगतो, काका सांगतो, शेजारचा प्राध्यापक सांगतो. आमच्या पोरास सांगणारा कोण? बाप सातवी शिकलेला, आई अंगठा उठविणारी, आणि गुरुजी बदलीच्या चिंतेत.

कोणी म्हणेल की, सगळी माहिती आता मोबाईलवर मिळते, मग अडले कोठे? अडले ते वेळेपाशी. सरकारी प्रवेशाचे वेळापत्रक आणि आमच्या रानाचे वेळापत्रक शेजारीशेजारी मांडून पाहा. मार्च-एप्रिलात मोहफूल पडते. घरातील बायका-पोरे पहाटेच्या अंधारात टोपल्या घेऊन, वाघाचे भय जिवाशी धरून, झाडाखाली जातात. एप्रिल-मे महिन्यांत तेंदूपत्त्याचे फड लागतात. सबंध वर्षात रोख पैसा हाती येण्याचे जे थोडे दिवस असतात, त्यांतील हे. राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा आणि डॉक्टरकीची ‘नीट’ ह्याच दिवसांत येतात. पुढे जुलै-ऑगस्टात प्रवेशाच्या फेऱ्या निघतात. आमच्याकडे ती ऐन रोवणीची घाई. बाप गुडघाभर चिखलात, आई रोवणाऱ्या बायांच्या रांगेत, पावसाने वीज गेलेली, मोबाईलची रेंज झाडावर चढल्याशिवाय मिळत नाही, आणि घरातील सगळा पैसा बियाण्यात, खतात व मजुरीत गेलेला. त्यातच पावसाळ्याचे तीन महिने अभयारण्य बंद. म्हणजे ज्याच्या घरी गाईडची किंवा जिप्सी हाकण्याची मिळकत आहे, त्याचीही चूल थंड. अशा दिवशी तहसिलीतून फोन येतो की, तुमच्या अर्जात अमुक कागद कमी आहे, दोन दिवसांत आणून द्या.

हे वेळापत्रक आमच्या वैरावर कोणी केले आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ते ज्यांनी केले त्यांच्या घरी पगार एक तारखेस येतो आणि त्यांच्या आईस मोहफुले वेचावी लागत नाहीत, हे मात्र खास. ते बदलावे म्हणून भांडावे, अवश्य भांडावे. पण बदलेपर्यंत आमच्या मुलांनी थांबावे काय? तेव्हा तूर्त उपाय एकच उरतो. जुलैत करावयाचे म्हणून जे काम आपण ठेवतो, त्यातील बारा आणे काम आठवी ते दहावी ह्या तीन वर्षांच्या मोकळ्या दिवसांत, धान निघाल्यावर मंडईच्या आगेमागे, उरकून ठेवावयाचे.

१८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिले, त्यात त्यांनी सरकारास रोखठोक सांगितले होते की, शेतकऱ्याच्या निढळाच्या घामातून निघालेला महसूल वरच्या वर्गांच्या वरच्या शिक्षणावर खर्च होतो, आणि ज्याच्याकडून तो वसूल होतो त्याच्या मुलास साधी शाळा नाही. आज शाळा झाली आहे, हे कबूल केले पाहिजे. नागझिऱ्याच्या भोवतालच्या गावांत प्राथमिक शाळा आहेत, आश्रमशाळा आहेत. नवेगावबांधला नवोदय विद्यालय आहे. गोंदियास २०१६ पासून सरकारी मेडिकल कॉलेजही झाले. म्हणजे घर बांधून झाले, दरवाजाही बसविला. फक्त कुलपाची किल्ली कोठे ठेवली आहे ते आम्हांस कोणी सांगितले नाही.

आमच्या पुढाऱ्यांनी हे ओळखले होते. कोल्हापुरास शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच्या आदल्या वर्षी, १९०१ साली, त्यांनी मराठा बोर्डिंग काढले आणि पुढे एकामागून एक जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली, ही गोष्ट तितकी बोलली जात नाही. बोर्डिंगात राहून शिकलेला मुलगाच नसेल तर राखीव जागेवर बसवावयाचे कोणास? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह केले, आणि कॉलेज काढले ते १९४७ साली. आजचे आमचे पुढारी मात्र राखीव जागांवर मोर्चे काढतात आणि त्या जागेपर्यंत पोहोचणारी वाट कोणत्या झुडपातून जाते ती पाहण्यास त्यांस फुरसत नाही. मोर्चा काढू नये असे आमचे म्हणणे नाही.

आता कागदांविषयी. हा भाग रुक्ष आहे. पण आमची मुले येथेच सर्वांत जास्त मारली जातात, म्हणून वाचकांनी कंटाळा करू नये.

जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात. पण तेवढ्याने भागत नाही. २००० सालच्या कायद्यान्वये त्या दाखल्याची पडताळणी समितीकडून करून घ्यावी लागते, आणि धंदेशिक्षणाच्या राखीव जागेस हे पडताळणीचे प्रमाणपत्रच मागतात. समिती विचारते, तुमचे पूर्वज ह्याच जातीचे व ह्याच मुलखातले होते ह्याचा पुरावा काय? आणि तो पुरावाही ठरलेल्या तारखेपूर्वीचा हवा. अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींस ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्या जमातींस २१ नोव्हेंबर १९६१, आणि इतर मागासवर्गीयांस १३ ऑक्टोबर १९६७. ह्या तारखा घरातील भिंतीवर लिहून ठेवाव्या.

पहिला पुरावा म्हणून आजोबांचा शाळेचा दाखला मागतात. येथे मौज पाहा. ज्यास जातीमुळे आणि गरिबीमुळे शाळेत पाऊल टाकता आले नाही, त्याच्याच नातवास विचारावयाचे की, तुझ्या आजोबांच्या शाळेचा दाखला कोठे आहे? आजोबा गुरे राखीत होते, हे साऱ्या गावास माहीत आहे, पण गुराख्यास कोणी दाखला देत नाही. मग वळावे लागते जुन्या सरकारी दप्तराकडे. आमच्या भागात गावच्या जन्म-मृत्यूची नोंद ज्यात होत असे ती कोतवाल पंजी, जमिनीचे अधिकार अभिलेख, बंदोबस्ताच्या वेळची मिसल, पी-१. ज्यांच्या घरी जमीन होती त्यांस हे जमिनीचे कागद कामास येतात. ज्यांच्या घरी वीतभरही जमीन नव्हती, त्या ढीवराच्या, महाराच्या, गोंडाच्या पोरास कोतवाल पंजीतील एका ओळीवर आयुष्य टांगावे लागते: अमक्यास मुलगा झाला, जात अमुक. ती ओळ वाळवीने खाल्ली असेल तर शोध आणखी लांबतो. ह्यात आणखी एक फेरा आहे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्यामुळे आजोबांचे कागद शोधताना गोंदियाहून भंडाऱ्याकडे वळावे लागते. रोवणीत ही चक्कर कोण मारील? आठवीच्या दिवाळीत मात्र मारता येते.

तिसरी गोष्ट अक्षराची. ह्या भागात तळी बांधून धान पिकविणारा समाज कोहळी. शाळेत नाव घालताना कारकुनाने घाईत ‘कोळी’ लिहिले की एका अक्षराने जातच बदलली, आणि पंधरा वर्षांनी समिती विचारते, हे दोन वेगळे शब्द कसे? मुलाच्या दाखल्यावर एक, बापाच्या दाखल्यावर दुसरे, आधारकार्डावर आडनाव तिसरेच. शाळेच्या दाखल खारीज रजिस्टरातील अशी चूक मूल शाळेत आहे तोवर अर्ज देऊन, पुरावा जोडून सुधारता येते. शाळा सोडल्यावर तीच सुधारणा म्हणजे डोंगर फोडणे होऊन बसते.

एका शब्दास केवढी किंमत पडते, हे आमच्या पूर्व विदर्भाहून जास्त कोणास माहीत असणार? २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळावर निघालेल्या गोवारी बांधवांच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मेली. त्यांत बायका आणि लेकरे पुष्कळ. त्यांचे मागणे काय होते? जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ असे छापले आहे, ते आम्हीच, एवढे मान्य करा. २०१८ साली नागपूरच्या हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. २०२० साली सुप्रीम कोर्टाने तो फिरविला. कोणाचा इतिहास खरा ह्या वादात आम्ही येथे शिरत नाही. मात्र ज्या समाजाने यादीतील एका शब्दासाठी एवढी प्रेते उचलली, त्या समाजाच्या शेजारी राहूनही आम्ही आपल्या पोराच्या दाखल्यावरील शब्द दहावीपर्यंत वाचून पाहत नाही, ह्यास काय म्हणावे!

पडताळणीचा अर्ज मूल अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजामार्फत करता येतो. तो त्या वेळी करावा. प्रवेशानंतर प्रमाणपत्र देण्यास सरकार कधी मुदत वाढवून देते. पण त्या आशेवर राहणे म्हणजे परतीच्या पावसाच्या भरवशावर धान टाकण्यासारखे आहे. मुदतीत प्रमाणपत्र आले नाही तर राखीव जागा हातची जाते, आणि मुलाचे गुण कितीही चांगले असोत, फीची सवलतही तिच्याबरोबर जाते. ह्याशिवाय अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि इतर मागासवर्गीयांस नॉन-क्रिमीलेयर. ह्या शेवटच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. तेव्हा तो कोणत्या वर्षापर्यंत चालतो हे घेतानाच पाहून घ्यावे.

कागदांनंतर विषयांची निवड. दहावी झाल्यावर कोणती शाखा घ्यावयाची हे आमच्याकडे कसे ठरते? मित्र कोठे जातो, कोणते ज्युनिअर कॉलेज एस.टी.च्या वाटेवर आहे, आणि कोणत्या कॉलेजात हजेरी लागत नाही, ह्यावर. गणित अवघड वाटले म्हणून नववीतच मन सोडलेले असते. मास्तर म्हणतात, ह्याला गणित झेपणार नाही. मुलास नेमके कोणते उदाहरण सुटत नाही हे विचारणारा कोणी नसतो. आमचे तर असे मत आहे की, ज्या पोरास बाजारात तेंदूपत्त्याच्या शेकड्यांचा हिशेब तोंडी करता येतो, त्यास गणित झेपत नाही हे म्हणणेच खोटे आहे. गणित सोडले की इंजिनिअरिंगची वाट बंद. विज्ञानच सोडले की डॉक्टरकी, दवासाजी, कृषी, वनशास्त्र ह्यांच्या वाटा बंद. ज्यास खरोखर साहित्याची, इतिहासाची, कायद्याची आवड आहे त्याने खुशाल कलाशाखेस जावे; आम्ही कलाशाखेस कमी लेखीत नाही. परंतु भीतीने घेतलेल्या शाखेस आवड म्हणू नये.

वनशास्त्राचे नाव घेतले, ते उगीच नव्हे. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा हा व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला. चोरखमारा, मंगेझरी आणि पलीकडे भंडारा जिल्ह्यातील पिटेझरी, उमरझरी येथून पर्यटकांच्या गाड्या आत जातात. त्या गाडीत पुढे बसून वाघाचा माग दाखविणारा, सांबराची हाक ओळखणारा आमच्याच गावचा पोरगा. त्याचे ज्ञान पाहून शहरचा पाहुणा थक्क होतो, बक्षिसी देतो आणि निघून जातो. ह्या जंगलात किती गाड्या सोडाव्या, कोणत्या गावाने गुरे कोठे चारावी, मोहफुलास कोठपर्यंत जावे, हे ठरविणाऱ्या खुर्चीवर त्या पोराने बसावे असे त्याच्या बापास वाटत नाही काय? वनसेवेच्या परीक्षेस पदवी लागते आणि तिच्यामागे विज्ञान-गणिताची बैठक लागते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात वनशास्त्राची पदवी शिकवितात. कृषीच्या पदवीस शेतकऱ्याच्या मुलास जादा गुणांची तरतूद आहे, त्यासाठी घरचा सातबारा जोडावा लागतो. सावकाराकडे आणि सोसायटीत गहाण टाकण्यास आम्हांस सातबारा आठवतो. पोराच्या अर्जास तो लागतो हे पुष्कळांस माहीतच नाही.

कारागीर बंधूंस एक निराळी गोष्ट सांगावीशी वाटते. सुताराच्या, लोहाराच्या, कोष्ट्याच्या मुलाने बारावीचीच वाट धरली पाहिजे असे नाही. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांचा डिप्लोमा करावा आणि तेथून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षास थेट जावे, अशी सोय आहे. आय.टी.आय. दोन वर्षे करून डिप्लोम्याच्या दुसऱ्या वर्षास जाता येते. ज्याच्या हातात पिढीजात हत्यार आहे त्यास वर्कशॉपमध्ये घरच्यासारखे वाटते, आणि दोन वर्षांत हाती धंदाही येतो. ही वाट खालची आहे असे जे सांगतात, त्यांनी आयुष्यात कधी रंधा धरलेला नसतो.

आता एक धोक्याची सूचना. ज्यांच्या हातात चार पैसे आहेत असे काही शेतकरी दहावीनंतर मुलास राजस्थानात कोट्यास क्लाससाठी पाठवितात आणि बारावीची परीक्षाही तिकडचीच देववितात. सरहद्दीवरची काही मुले बालाघाटकडे शिकतात. महाराष्ट्रातील सरकारी मेडिकल कॉलेजांत शेकडा ८५ जागा राज्याच्या मुलांसाठी आहेत, परंतु त्यांस साधारणपणे दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण असावे लागते. जमीन विकून क्लासची फी भरली आणि घरच्या जागांवरचा हक्क घालवून बसले, असे होऊ देऊ नये. मूल बाहेर पाठविण्यापूर्वी नियम वाचावा. क्लासवाल्यास विचारू नये; तो आपल्या फायद्याचेच सांगेल.

राज्याच्या परीक्षेविषयी थोडे. तिच्यात अकरावीच्या अभ्यासावर सुमारे शेकडा २० आणि बारावीच्या अभ्यासावर ८० प्रश्न येतात. म्हणून अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष हा समज टाकून द्यावा. चुकीच्या उत्तरास गुण कापीत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. ‘नीट’मध्ये मात्र गुण कापतात. पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र मराठीतून देता येते, गणिताचा पेपर इंग्रजीत असतो. मराठी शाळेतल्या मुलास ह्यात भिण्यासारखे काही नाही, फक्त नववीपासून गणितातील शंभर-दीडशे इंग्रजी शब्द रोज दोन-दोन करून पाठ करावे. परीक्षा संगणकावर असते. ज्याने बारावीपर्यंत संगणकाची कळ दाबली नाही, त्याचे पहिले दहा मिनिट हात कापण्यातच जातात. शाळेतील संगणक प्लॅस्टिकच्या चादरीखाली झाकून ठेवण्यासाठी दिलेले नाहीत, हे शाळा समितीने मुख्याध्यापकांस आठवण करून द्यावे.

पैशाची गोष्ट. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक परीक्षा असते. तीत उत्तीर्ण होऊन निवड झालेल्या मुलास नववी ते बारावी वर्षास १२ हजार रुपये मिळतात. पालकांचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते. चार वर्षांचे ४८ हजार होतात. ते पोस्टात ठेवले तर पहिल्या वर्षाची खोली, खाणावळ आणि पुस्तके निघतात. दहावीनंतर विज्ञान घेणाऱ्या इतर मागासवर्गीय व भटक्या-विमुक्तांच्या मुलांस नागपूरची ‘महाज्योती’ संस्था, जी २०१९ साली निघाली, दहावीच्या गुणांवर निवड करून प्रवेश परीक्षांची शिकवणी फुकट देते, वर टॅबही देते. कॉलेजात गेल्यावर वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातींस स्वाधार, जमातींस स्वयम् आणि इतर मागासवर्गीयांस सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची आधार योजना आहे. नागपूरसारख्या शहरात वर्षास ६० हजार रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. पैसे वेळेवर येत नाहीत ही तक्रार खरी आहे आणि ती आम्ही पुन्हापुन्हा करू. परंतु ज्याने अर्जच केला नाही त्यास तक्रार करण्याचाही अधिकार राहत नाही.

मुलींच्या बाबतीत तर २०२४-२५ पासून सरकारने मोठी गोष्ट केली आहे. ज्यांचे कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, अशा इतर मागासवर्गीय, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींची धंदेशिक्षणाची शिकवणी फी व परीक्षा फी संपूर्ण माफ. म्हणजे ‘पोरीच्या फीस पैसा कोठून आणू’ हे कारण आता चालणार नाही. पण ही माफी सरकारी केंद्रीभूत फेरीतून प्रवेश घेणाऱ्यासच आहे, आणि येथेच दलालाचा धंदा चालतो. निकालानंतर आठ दिवसांत तो दारात येतो. ‘दादा, फेऱ्यांच्या भानगडीत कशाला पडता? आजच सीट पक्की करून देतो, संस्थेच्या कोट्यातून.’ घाबरलेला बाप बैलजोडी विकून पैसे मोजतो आणि त्याच पोरीस जी जागा फुकट मिळाली असती ती लाखात विकत घेतो. पूर्वी मुहूर्त सांगून भटजी दक्षिणा घेत असे. आता तारखा सांगून दलाल घेतो. आणि दुःखाची गोष्ट ही की, ह्या दलालांत परजातीचे थोडे आणि आमचेच जातभाई फार. काही विनाअनुदानित कॉलेजांचे मालकही आमच्याच सभांत फुले-शाहूंच्या तसबिरीस हार घालणारे आहेत. त्यांची नावे ह्या अंकात देत नाही. वाचक त्यांस ओळखतात.

फेरीत कॉलेजांची पसंती लिहिताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली तर तीच पक्की समजतात. मग ‘सहज लिहिले होते’ म्हणून सुटका नाही. म्हणून ती यादी ऑनलाईन केंद्रावरच्या पोराने आपल्या मनाने भरून देऊ नये. घरी बसून, गावातील एखाद्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलास बोलावून, मागील वर्षी कोणते कॉलेज किती गुणांवर थांबले ते पाहून, कागदावर आधी लिहून काढावी.

आमच्याकडे तेरवीस गावजेवण घालण्यास उसनवारी होते, लग्नात बँड आणि मंडप ह्यांवर एकराचे पीक उडते. पण कोतवाल पंजीची नक्कल काढण्यास दोन दिवसांची मजुरी बुडते म्हणून ते काम वर्षानुवर्षे राहते. ही सवय एकट्यादुकट्याने सुटत नाही, म्हणून गावाने मिळून करावे. प्रत्येक घराने वेगळी चक्कर मारण्याऐवजी एका भाऊबंदकीतील सर्व मुलांचे जुने कागद एकदाच काढावे. एकाच पणजोबाची नक्कल दहा नातवंडांस चालते, आणि रक्तनात्यातील एकास पडताळणी मिळाली की तिची प्रत दुसऱ्याच्या अर्जास मोठा आधार होते. गोंदियाचे कालीचरण नंदागवळी ह्यांच्यासारख्यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणाची खटपट केली ती ह्याच मुलखात, आणि तेव्हा हाताशी ना मोटार होती ना मोबाईल.

ह्या उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी प्रत्येक गावच्या शाळा समितीने एक दिवस ठरवून दाखल खारीज रजिस्टर पालकांसमोर उघडावे. चौथीपासून दहावीपर्यंतच्या प्रत्येक मुलाचे नाव, बापाचे नाव, आडनाव, जन्मतारीख आणि जात मोठ्याने वाचावी. ज्यास वाचता येत नाही त्याने कानाने ऐकून सांगावे. चूक निघाली तर तेथेच अर्ज लिहावा. मुख्याध्यापक नाही म्हणाले तर ग्रामसभेत विषय मांडावा. अर्जाच्या दोन प्रती कराव्या, एक शाळेस द्यावी आणि दुसरीवर सही-शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय शाळेच्या ओसरीवरून उठू नये.